कामाची बिस्किटं

मला किडनी हवी होती, आणि ज्याची जुळत होती तो माझा भाऊ जाडा होता. गोष्ट एवढीच. बाकी सगळं त्या जाडेपणाचं चऱ्हाट.

मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर पसरले आणि म्हणाले, "रक्तगट जुळतो, बाकीचंही जुळतं. किडन्या तर फार उत्तम आहेत." दादा असा फुलला, की कुणाला वाटावं यानेच त्या रोज घासूनपुसून ठेवल्या होत्या. मग डॉक्टरांनी चष्मा काढला. "पण वजन. नऊ किलो उतरवा, त्याशिवाय मी तुमच्या पोटाला सुरी लावणार नाही. एकाला वाचवताना दुसऱ्याला घालवायचं, हे माझ्याकडे चालत नाही."

"वेळ किती आहे?" दादाने विचारलं.

डॉक्टरांनी माझ्या हाताकडे पाहिलं. आठवड्यातून तीनदा त्या हातात सुया जायच्या आणि माझं रक्त मशीनमधून धुऊन परत यायचं. "चार महिने," ते म्हणाले. "हिच्या शिरा थकल्यात. त्यापुढे दुसरे मार्ग शोधावे लागतील, आणि ते मार्ग काही चांगले नाहीत."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर दादा म्हणाला, "नऊ किलो म्हणजे काय गं काडे? एवढं तर माझं रविवारचं जेवण असतं."

काडी म्हणजे मी. लहानपणी काडेपेटीतल्या काडीसारखी होते, आणि भडकायचेही तशीच. अजूनही दोन्ही गुण शाबूत आहेत. दादाला लहानपणी काय म्हणायचे ते मी सांगणार नाही, तो वाचेल.

दादाचं काम सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, जागा रिकामी आहे का. तो बिस्किटांच्या कारखान्यात चव घेतो. पांढऱ्या फरश्यांची एक खोली आहे, तिथे अत्तर लावून जायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक घाण्यातली दोन बिस्किटं बशीत येतात, एक कडेचं आणि एक मधलं. दादा ती चावतो, डोळे मिटतो, कोमट पाण्याने चूळ भरतो आणि शिक्का मारतो. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे नापास. सव्वीस वर्षं हेच. त्याच्या शिक्क्याशिवाय एक डबा दाराबाहेर जात नाही.

पण खरी जीभ माझी होती, हे तोही कबूल करतो. नऊ वर्षांची असताना आईच्या सुपाचा एक घोट घेऊन मी सांगितलं होतं, की हा डाव काल कांद्यात होता आणि नीट धुतलेला नाही. आईने डाव माझ्याच पाठीत घातला, पण दुसऱ्या दिवसापासून दर वेळी सूप उतरवण्याआधी मला हाक मारायची. "ये गं, पास की नापास ते सांग." ते शब्द दादाने तिथूनच उचलले. मी मात्र शिवणात गेले. लोकांचे कपडे उसवून बेतात बसवणं हा माझा धंदा. सैल झालेलं घट्ट करायचं, घट्ट झालेलं सोडायचं. लोक आपलं वजन डॉक्टरपासून लपवतात, माझ्यापासून लपवता येत नाही.

किडन्या गेल्या तशी माझी जीभही गेली. गेली तीन वर्षं काहीही खाल्लं तरी तोंडात किल्ली धरल्यासारखं लागायचं. आणि भूक तर अशी पसार झाली, की तिचा चेहराही आठवेना. औषध घ्यावं तशी मी घड्याळ बघून जेवायचे. दादा दर रविवारी कागदाच्या पिशवीतून एखादं बिस्किट आणायचा, अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवायचा.

"सांग, काय आहे?"

"किल्ली."

"नीट चाव."

"गंजलेली किल्ली."

तो खो खो हसायचा. मग उरलेला अर्धा स्वतःच्या तोंडात टाकून खिडकीबाहेर बघत बसायचा.

तर नऊ किलो. दादाने फोनवर कुणाचं तरी भाषण ऐकलं आणि ठरवलं, की सोळा तास कडकडीत उपाशी राहायचं आणि उरलेल्या आठ तासांत खायचं. दुपारी बारा ते रात्री आठ. पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरले. त्याने मला फोन केला, वहिनीच्या आईला केला, जुन्या मास्तरांनाही केला. दुसऱ्या आठवड्यात काटा जागचा हलेना. तिसऱ्यात तो अर्धा किलो वर चढला. दादा दिवसातून तीनदा वजन करू लागला, काटा उचलून घरभर फिरवू लागला. खिडकीखालच्या फरशीवर म्हणे पाव किलो कमी दाखवतो, म्हणून काट्याचा मुक्काम तिथेच पडला.

"तुझ्या भावाला आवर," वहिनी मला म्हणाली. ती शाळेची बस चालवते. चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करणारी बाई, पण नवऱ्यापुढे हात टेकलेली. "रात्री आठला पाच मिनिटं असताना जेवायला बसतात आणि आठ वाजायच्या आत असे गिळतात, जशी काही गाडी सुटतेय. कुठलं चावणं नि कुठलं काय! मग बारापर्यंत पोट धरून लोळतात."

त्यात कारखान्यात घोटाळा झाला. चव घेणाऱ्यांचा पहिला नियम असा, की खोलीत उपाशी पोटी शिरायचं नाही आणि तट्ट भरल्या पोटीही नाही. सातला थोडं खायचं, आठला बसायचं. दादाच्या उस्तादांनी हा नियम त्याला पहिल्याच दिवशी कान धरून शिकवला होता. आता दादा रिकाम्या पोटी बसू लागला आणि त्याला सगळंच आवडू लागलं. एरवी दहात दोन घाणे तरी लाल व्हायचे, ते सगळे हिरवे. मॅनेजरसाहेब खूश. कारखाना सुधारला असं त्यांना वाटलं, भट्टीवाल्यांना त्यांनी शाबासकीही दिली. मग एके दिवशी कुणीतरी पिठात खायचा सोडा दोनदा घातला. ती बिस्किटं साबणाच्या वडीसारखी लागत होती. तीन ट्रक अर्ध्या वाटेवरून परत बोलवावे लागले.

मॅनेजरसाहेबांनी कागद समोर धरला. दादाने हिरवा शिक्का मारला होता आणि शेजारी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: अप्रतिम.

"अप्रतिम?" साहेब म्हणाले.

भट्टीवरचा म्हातारा कोपऱ्यातून बोलला, "भुकेला कोंडा नि निजेला धोंडा, साहेब. ह्यांना घरी पाठवा, दोन घास खाऊन येऊ द्या."

ही हकिकत दादाने मला हसत हसत सांगितली, पण समोरच्या चहाला हात लावला नाही. पुन्हा असं झालं तर चवीच्या खोलीतून उचलून पॅकिंगला टाकू, असं साहेब म्हणाले होते. माझ्यासाठी तो आपल्या उस्तादांचा शब्द मोडत होता, आणि काटा तरीही हलत नव्हता.

पुढच्या रविवारी तो एक विजार घेऊन माझ्याकडे आला. "कंबरेत जरा घे गं. सैल वाटतेय."

मी टेप काढली, त्याच्या पोटाभोवती फिरवली. उपास सुरू झाला तेव्हा मी घेतलं होतं तेवढंच माप. एक दोरा इकडे नाही की तिकडे नाही. शिवायला घ्यायच्या आधी मी कुणाचेही खिसे उलटे करते, ती धंद्यातली सवय आहे. दादाचा खिसा उलटा केला आणि टेबलभर चुरा सांडला.

"हे काय?"

"चुरा."

"ते मलाही दिसतंय. कशाचा?"

"कामाचा. शिक्का खिशात असतो ना, हात सारखा आत जातो."

"दादा, दुपारपर्यंत तू उपाशी असतोस ना?"

"कडकडीत! पाण्याशिवाय काही नाही."

"मग हा चुरा काय पाण्याचा आहे?"

"अगं, ते काम आहे," तो म्हणाला. चेहऱ्यावर इतका निरागस भाव, की माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"द्यायची नसेल तर तसं सांग," मी म्हणाले. "तोंडावर सांग. मी काही तुझ्या दारात किडनी मागायला आले नव्हते. पण हे उपासाचं सोंग करून बिस्किटं चरायची आणि वर माझ्याकडेच विजार घट्ट करायला आणायची, हे नको."

दादाचा चेहरा पांढरा पडला. तो कधी माझ्या घरून चहा न घेता गेला नव्हता, त्या दिवशी गेला. विजार टेबलावरच राहिली. खरं सांगते, त्या संध्याकाळी मला मरणाची भीती वाटली नाही. ती तीन वर्षं वाटून वाटून बोथट झाली होती. माझा भाऊ मला कंटाळला आहे, याची भीती वाटली, आणि ती फार वाईट होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली भोंगा वाजला. पोरांना शाळेत सोडून वहिनी पिवळी बस घेऊन आली होती. आत मागच्या बाकावर दादा बसला होता, कामावर दांडी मारून. बाक पहिलीच्या मुलांच्या मापाचा, त्यामुळे त्याचे गुडघे हनुवटीला टेकले होते.

"चढ," वहिनी म्हणाली.

"मी याच्याशी बोलत नाही."

"बोलू नकोस. माझ्या बसमध्ये तसंही बोलायचं नसतं. बस खाली."

मी दादाच्या पुढच्या बाकावर बसले. माझे गुडघेही हनुवटीला टेकले. असे आम्ही दोघं पन्नाशीचे, तोंडं फुगवून, हॉस्पिटलच्या आहारवाल्या बाईंकडे निघालो.

बाई चांगल्या गुटगुटीत होत्या. दादाला त्या बघताक्षणी आवडल्या. आम्ही आत गेलो तेव्हा त्या टेबलापाशी सफरचंद खात होत्या. "माझी वेळ झालीय, मी खाते, तुम्ही बोला," त्या म्हणाल्या. दादाने सोळा तासांचं सगळं पुराण सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकलं.

"उठता किती वाजता?"

"सहा."

"सकाळी काय घेता?"

"काही नाही. बारापर्यंत पाणी."

"मग कामाला जाता?"

"हो. आठ ते अकरा चव घेतो."

बाई चावायच्या थांबल्या. "कशाची?"

"बिस्किटांची."

"किती घाण्यांची?"

"वीस. कधी बावीस."

"आणि घाण्यामागे?"

"दोन. एक कडेचं, एक मधलं."

"चव घेऊन थुंकता?"

दादा दुखावला. "थुंकायचं? बिस्किट? अहो, न गिळता त्याच्या चवीचा शेवट कसा कळणार?"

वहिनीने कपाळाला हात लावला.

"म्हणजे रोज सकाळी चाळीस बिस्किटं," बाई म्हणाल्या.

"नाही हो, बिस्किटं कुठली! ते नमुने."

मी वळून त्याच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. तो मला फसवत नव्हता, काट्यालाही फसवत नव्हता. सव्वीस वर्षांत त्या माणसाच्या मनात एकदाही आलं नव्हतं, की कामावर तोंडात घातलेलं पोटात जातं. घरचं ते खाणं, कारखान्यातलं ते काम. शिंप्याने दिवसभर कापड हाताळलं म्हणून काही तो सगळे कपडे घालून बसत नाही, असाच काहीसा त्याचा हिशेब.

"म्हणजे ती पण..." दादा हळूच म्हणाला, "ती पण धरायची?"

"नाहीतर ती जातात कुठे?" वहिनी ओरडली. "ऑफिसात?"

आधी मी तोंडावर रुमाल धरला. मग तो पुरेना. तीन वर्षांत मी अशी हसले नव्हते. हसता हसता सुयांचा हात दुखायला लागला, तरी थांबता येईना. मला बघून दादा हसायला लागला, त्याचं पोट हलायला लागलं, ते बघून बाईंनी सफरचंद खाली ठेवलं आणि त्याही सुटल्या. वहिनी तेवढी न हसता आमच्याकडे बघत होती, पण तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"काडे," दादा धापा टाकत म्हणाला, "देवाशपथ, मला द्यायची होती गं."

"गप रे," मी म्हणाले. "कळलं मला."

मग बाईंनी सगळं उलगडून सांगितलं. शरीर काही मूर्ख नाही, त्या म्हणाल्या. त्याला फार कमी मिळू लागलं की ते आच थोडी मंद करतं. माणूस नकळत कमी हलतो, कमी चालतो, गारठतो, आणि चरबीबरोबर अंगातले स्नायूही झिजतात. म्हणून स्वतःची उपासमार करून घाईने वजन उतरवू नये. "पण तुमची आच कशाला मंद होईल? तिला तुम्ही रोज सकाळी चाळीस बिस्किटांचं सरपण घालता! सोळा तासांचा उपास काहींना मानवतो. तुमच्या पोटाला तो मानवत नाही, रात्री तुम्ही त्याचं उट्टं काढता. आणि तुमच्या कामाला तर तो मुळीच मानवत नाही."

त्यांनी वेळा ठरवून दिल्या. सातला दोन अंडी, पावाचा तुकडा आणि दही. एकला जेवण, त्यात भाजी अर्धं ताट. साडेसातच्या आत रात्रीचं जेवण, तेही हलकं, तेही चावून. मग चालायचं.

"आणि बिस्किटं?" दादाने श्वास रोखून विचारलं.

"थुंका."

"थुंकू?"

"थुंका."

घरी आलेल्या पाहुण्याच्या कानाखाली वाजव म्हणावं, तसा त्याचा चेहरा झाला. पण परत येताना बसमध्ये तो माझ्या शेजारच्या बाकावर बसला, आणि वहिनीने आरशातून बघूनही आम्हाला बोलू दिलं.

पहिले काही दिवस त्याने अक्षरशः बिस्किटांची माफी मागितली. स्टीलचं एक भांडं शेजारी ठेवायचा, तोंड वळवून थुंकायचा आणि चूळ भरताना पुटपुटायचा, "रागावू नका." शेवट कळेना म्हणून शिक्का हातात धरून बसायचा. आणि मग एके दुपारी त्याचा फोन आला. मी एका नवरदेवाचा कोट उसवत होते.

"काडे! शेवट घशात नसतो! नाकात असतो!"

"काय?"

"चावायचं, थुंकायचं, ओठ मिटायचे आणि नाकाने श्वास सोडायचा. सगळा शेवट तिथे येतो. लोणी, करपलेली कड, जुनी साखर, सगळं. सव्वीस वर्षं मी उगाच गिळत बसलो गं!"

सातला खाऊन बसू लागल्यावर त्याची जीभ पुन्हा ताळ्यावर आली. पहिल्याच आठवड्यात त्याने चार घाणे नापास केले. भट्टीवाले चिडले, मॅनेजरसाहेबांनी मात्र सुटकेचा श्वास सोडला. काटाही हलू लागला, पण हळू, मुंगीच्या पावलांनी. मध्ये दहाएक दिवस तो एकाच आकड्यावर अडून बसला, तेव्हा दादा पुन्हा खिडकीखालच्या फरशीकडे वळला. वहिनीने काटा उचलून बसच्या डिकीत टाकला आणि आठवड्यातून एकदाच बाहेर काढीन म्हणाली.

संध्याकाळी जेवण झालं की तो माझ्याकडे यायचा आणि आम्ही चालायला निघायचो. मशीनच्या दिवशी मला फार चालवायचं नाही, मग कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत जाऊन परत. बाकीच्या दिवशी नदीच्या पुलापर्यंत. दादा धापा टाकायचा, मीही टाकायचे, त्यामुळे जोडी बरी जमायची.

एकदा पुलावर कठड्याला टेकलो होतो. समोरच्या बेकरीतून पावाचा वास येत असावा, कारण दादाचं नाक हललं. मला काहीच येत नव्हता.

"भूक कशी असते रे?" मी विचारलं. "विसरलेच मी."

"मलाही आत्ता आत्ता कळायला लागलीय," तो म्हणाला. "आधी कुठे कळायची? लागायच्या आतच मी खात होतो. घड्याळात अकरा वाजले की खा, कुणी आलं की खा, वैताग आला की खा. आता सकाळी साडेसहाला पोट हळूच हाक मारतं. ओरडत नाही. आई खालून हाक मारायची ना, पहिली हाक, रागावण्याआधीची? तशी. मग मी म्हणतो, आलो, अर्ध्या तासात येतो. आणि ते थांबतं. इतकं शहाणं असतं, मला ठाऊकच नव्हतं."

मला त्याचा हेवा वाटला. मी तसं म्हणालेही.

"मिळेल तुला," तो म्हणाला. "माझ्याकडे जास्तीची आहे. किडनीबरोबर बांधून देतो."

चार महिने भरले त्या सकाळी आम्ही तिघं मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. दादाने मी तशीच परत दिलेली ती जुनी विजार घातली होती. गेला महिनाभर तो ती कंबरेत घ्यायला माझ्या मागे लागला होता, आणि मी नाही म्हणत होते. आकडा लागेपर्यंत कात्री लावणार नाही, असं ठरवलं होतं. गाठोडं आधीच बांधून ठेवलं की प्रवास रद्द होतो, असं आमची आई म्हणायची. विजार पट्ट्याच्या जिवावर उभी होती.

वजनाच्या काट्यापुढे दादाने बूट काढले. मग घड्याळ काढलं. खिशातला रुमाल काढला, चष्मा वहिनीकडे दिला. मग थोडा विचार केला आणि पट्टाही काढून माझ्या हातात दिला.

"अहो, पट्टा असू दे," वहिनी म्हणाली.

"त्याचं पितळ जड आहे," दादा म्हणाला आणि काट्यावर चढला.

नर्स वाकून आकडा बघू लागली. मोठे डॉक्टर स्वतः उठून आले. मी डोळे मिटून घेतले. माझे पुढचे सगळे दिवस त्या चौकोनी पत्र्यावर उभे होते, आणि मला बघवेना.

"दोनशे ग्रॅम जास्तच उतरवलंत," डॉक्टर म्हणाले.

दादाने दोन्ही हात वर केले. आणि विजार खाली आली.

ती सरळ घोट्यापर्यंत आली. सबंध दालनासमोर दादा पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत, हात वर करून उभा होता. विजार उचलायला वाकला तर काट्यावरून पाय निघेल आणि वजन पुन्हा मोजावं लागेल, अशी त्याला धास्ती, म्हणून तो हलेचना. "लिहून घ्या," तो नर्सला सांगत होता, "आधी लिहून घ्या!" नर्सला हसू आवरेना, तिच्या हातून पेन पडलं. मोठ्या डॉक्टरांना मी हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांना हसता येतं.

"उद्याच घेते कंबरेत," मी म्हणाले, आणि रडायला लागले.

ऑपरेशनबद्दल मला फार सांगता येणार नाही, मी झोपले होते. जागी झाले तेव्हा डॉक्टर म्हणाले, टेबलावरच तिने काम सुरू केलं. जाडोबाची किडनी, पण कामसू निघाली. दादाला चौथ्या दिवशी घरी सोडत होते, पण तो जाईना. मला भेटल्याशिवाय हलणार नाही म्हणाला, म्हणून पाचव्या सकाळी हिरवा गाऊन आणि मास्क चढवून, एक हात टाक्यांवर धरून तो हळूहळू माझ्या खोलीत आला. खुर्चीवर बसायला त्याला जरा वेळ लागला.

"कशी आहेस?"

"तुझी किडनी फार बडबडी आहे. रात्रभर उठवते."

"वळण लाव तिला."

खिडकीतून ऊन आलं होतं, व्हरांड्यात जेवणाच्या गाडीची चाकं कुरकुरत होती. आणि पोटात काहीतरी झालं. मला आधी वाटलं टाका ओढला. मग वाटलं औषध. पण ते दुखणं नव्हतं. खूप खालून, जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून कुणीतरी माझं नाव घेतलं. रागावण्याआधीची, पहिली हाक.

"दादा," मी म्हणाले, "किती वाजले?"

"साडेअकरा. का गं? दुखतंय? नर्सला बोलावू?"

"जेवण बाराला येतं ना?"

तो माझ्याकडे बघत राहिला. बारा कधी वाजतात हे मी तीन वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं.

"थांबेल ती," दादा अगदी हळू म्हणाला. "शहाणी असते. अर्धा तास थांबते."

ती थांबली. मी नाही थांबले. पाच मिनिटांत चौदा वेळा दाराकडे पाहिलं असेन. ताट आलं तेव्हा नर्स उशी लावत होती तेवढ्यात मी चमचा उचलला. वाटीत हॉस्पिटलचं फिकं सूप होतं. एक घोट घेतला. किल्ली येईल म्हणून जीभ सवयीने आखडून धरली होती. किल्ली आली नाही. मी दुसरा घोट घेतला, ओठ मिटले आणि दादाने शिकवल्यासारखा नाकाने श्वास सोडला.

दादा खुर्चीच्या कडेवर आला होता. मास्कच्या वर त्याचे डोळे तेवढे दिसत होते. "सांग," तो म्हणाला. "काय आहे?"

"मीठ कमी आहे," मी म्हणाले. "गाजर फार शिजवलंय. मिरपूड जुनी आहे, डबा उघडा राहिलाय." तिसरा घोट घेतला. "आणि दादा, डाव कांद्यातला आहे. धुतलेला नाही."

दादाने मास्कवरून डोळे पुसले. मग टाके दुखत असतानाही हसला, आणि हसता हसता पुन्हा पुसले. गाऊनला खिसा नव्हता, तरी शिक्का शोधल्यासारखा त्याचा हात खिशाच्या जागी फिरला.

"मग?" त्याने विचारलं. "पास की नापास?"

"नापास," मी म्हणाले, आणि रिकामी वाटी नर्सपुढे धरली. "अजून एक आणा."